बराकीतला जानोसा

आमच्या गावाबाहेरच्या दगडी बराकीचा इतिहास लिहून द्या, असं सरपंचांनी मला सांगितलं तेव्हा त्यांना एक लढाई हवी होती. मी शोधली. सापडली नाही. सातपुड्यातल्या लोकांना धाकात ठेवायला गोऱ्या साहेबांनी त्याच डोंगरांतली तरुण मुलं भरती केली, त्यांना बंदुका दिल्या आणि तापीकाठच्या या माळावर त्यांच्यासाठी ही लांबलचक बराक बांधली. पुढे पलटण उठून गेली. लष्करी कामगिरी एवढीच.

माझा आदर सुरू होतो तो त्यानंतर. तापी फुगली की काठावरची घरं भांड्याकुंड्यांसकट इथे यायची. शाळा गळायला लागली तेव्हा आम्ही पावसाळाभर इथेच पाढे म्हटले. भिंती हातभर जाड, झरोके उंचावर. बाहेर वैशाख तापलेला असला तरी आत माठाशेजारी बसल्यासारखं वाटतं. म्हणून गावातल्या प्रत्येक लग्नात नवरदेवाकडच्या वऱ्हाडाचा उतारा, म्हणजे जानोसा, इथेच असतो.

सरपंचांनी मात्र बराकीला चुना फासला, कुलूप घातलं आणि दाराशेजारी पडद्यामागे फलक बसवला. त्यावर माझा मजकूर नव्हता; ‘शौर्याची साक्षीदार’ होतं. अनावरणाला एक निवृत्त लष्करी अधिकारी येणार होते, आणि नेमकं त्याच दिवशी शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न. काकूंच्या स्वतःच्या लग्नात वऱ्हाड गोठ्याशेजारी उतरलं होतं. त्याचे टोमणे त्यांनी सासू जाईपर्यंत ऐकले होते. मुलीच्या वाट्याला ते यायला नको होते.

“भाऊ, वऱ्हाड कोठे उतारू मी? तुम्हना फलकवर?”

“काकू, एक दिवसनी गोट शे,” सरपंच म्हणाले.

“लगीनबी एकज दिवसनं ऱ्हास.”

त्या दिवशी सकाळी झाडलोट करून लाल गालिचा अंथरायला कुलूप निघालं. सरपंच पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेले, आणि काकू घरच्या बायकांसह सतरंज्या नि माठ घेऊन आत शिरल्या. पाहुणे मात्र दुसऱ्याच रस्त्याने आले. पांढरी गाडी थांबली, भरघोस मिशांचे गृहस्थ उतरले. नवऱ्याचे मामाच ते, असं बायकांनी ठरवून टाकलं. दोघींनी त्यांचे बूट काढले, पाय धुतले, गूळपाणी दिलं आणि रीतीप्रमाणे टिंगलीची गाणी सुरू केली: मामाच्या मिशा हातभर, आहेर मात्र बोटभर. साहेब गूळपाणी पीत हसत होते. असं निर्भेळ स्वागत त्यांचं कुठल्या छावणीत झालं नसावं.

सरपंच धापा टाकत आले. “काकू, ह्या आपला प्रमुख पाहुना शेतस!”

“पाहुनाज शेतस ना? मंग बसू द्या.”

काकूंना खरोखर कळलं नव्हतं की काय, हे मी आजवर विचारलेलं नाही. पण जानोशात ज्याने गूळपाणी घेतलं तो लग्न लागेपर्यंत वऱ्हाडी, आणि वऱ्हाड्याला उठवणं म्हणजे अख्ख्या वऱ्हाडाला उठवणं. सरपंचांनाही ते माहीत होतं. कुणीतरी साहेबांना ही रीत समजावून सांगितली.

“मग प्रश्नच मिटला,” ते म्हणाले. “पडदा मी बाहेरूनच ओढतो. वऱ्हाड आत उतरू द्या. रिकामी बराक बघायची मला सवय नाही.”

त्यांनी अनवाणीच भाषण केलं. ते इतकं थोडक्यात झालं की सगळ्याच प्रमुख पाहुण्यांचे बूट आधी काढून घ्यावेत, असं माझं मत बनलं.

दुपारी खरे मामा आले आणि त्यांनी आपला फेटा फलकाच्या कोपऱ्यावर अडकवला. त्याखाली शौर्य झाकलं गेलं, साक्षीदार तेवढी दिसत राहिली. आत वऱ्हाड ओळीने पसरलं होतं. विहीणबाईंनी भिंतीला तळवा टेकवला आणि काकूंना म्हणाल्या, “बहीन, उतारा थंडगार शे.”

काकूंनी विहीणबाईंसाठी आणखी एक उशी मागवली.