कडब्याची भिंत
वाळलेल्या कडब्याचा वास आला की मला कळमनुरीकडच्या आमच्या शाळेचं मैदान आठवतं. लेकरांसाठी तिरंदाजीचा दिवस ठरवला होता आणि आदल्या संध्याकाळी आम्ही सराव घेत होतो. कागदी निशाणामागे बाण अडावेत म्हणून शेजारच्या मावशींकडून मागून आणलेल्या कडब्याच्या पेंढ्यांची भिंत रचली होती. तांड्यावरच्या नववीतल्या पोरीनं पहिला बाण ताणला, आणि वारा नसताना पेंढ्या हलल्या. "थांब! सोडू नको!" मी ओरडलो. तिनं दोरी तशीच ताणून धरली. "सर, हात दुखून राहिला." "दोरी हळूहळू सैल कर, बाई." बोटबोटभर करत तिनं दोरी सैल केली, बाण जमिनीकडे वळवला, तेव्हा भिंतीमागून मावशी बाहेर आल्या, काखेत पेंढी घेऊन. "एकच नेऊन राहिले, बाबा. कडबा पुढ्यात टाकल्याबिगर म्हैस धार देत न्हाई." सगळे हसले, ती पोरगी आणि मी सोडून. इकडं फिरकू नका, असं मी गावभर सांगून आलो होतो. जिचा कडबा, तिलाच सांगायचं राहिलं होतं. आजही पहिला बाण ताणण्याआधी मी स्वतः निशाणामागं जाऊन येतो.