माशाचं पोट दाबणाऱ्या मॅडम

मासा हातात आला की आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम आधी अंगठ्यानं त्याचं पोट दाबत आणि विचारत, "काय, दिवस गेलेत का?" मासे विकणारीला नव्हे, माशाला.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात मी त्यांचा प्रयोगशाळा परिचर होतो. म्हणजे पिशव्या धरणारा. पावसाळ्यात दर रविवारी आम्ही सायखेड्याला गोदावरीवर जायचो. तिथली मासे विकणारी मावशी वैतागायची. "मॅडम, मासं घ्यायचंत का त्यांचं बाळंतपण करायचंय?"

तुम्ही हसाल, मीही हसायचो. पण मॅडमची काळजी खरी होती. तिथं एका कारखान्याचा नाला नदीला मिळायचा. त्याच्या खालच्या अंगाला ऐन हंगामातही माद्यांच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, सापडत नव्हती.

"हार्मोन म्हणजे शरीरातला निरोप्या," त्या मला समजावत. "अंडी धरायची वेळ झाली, हे तो सांगतो. सांडपाण्यातलं कॅडमियम त्याला वाटेतच अडवतं." मला समजलं की नाही हे न पाहताच पुढचा मासा कापायला घेत. एकदा तर डब्यातलं थालीपीठही त्यांनी सवयीनं दाबून पाहिलं.

अहवाल तयार झाला तेव्हा मावशी रडकुंडीला आली. "तुमच्या कागदानं गिऱ्हाईक पळंल. मी काय खाऊ?"

मॅडमनी अहवाल कपाटात ठेवला. पुढच्या रविवारी त्या सायखेड्याला गेल्याच नाहीत. मग मावशीच कॉलेजात आली. "मासंच उरलं नाय तर गिऱ्हाईक घेऊन काय करू? चला, कुठं सांगायचं तिथं."

सरकारी कचेरीत प्रदूषण खात्याच्या साहेबांपुढं बैठक झाली, तिथं कारखान्याचे मालक म्हणाले, "मॅडम, माशांना पोरं होत नाहीत, यात माझा काय दोष?" सगळे हसले. मावशीनं टोपली टेबलावर ठेवली आणि विळी काढली. नाल्याच्या वरचे मासे कापले. पिवळी गाबोळी साहेबांच्या फायलीवर सांडली. खालचे कापले, पोटं रिकामी.

हसू थांबलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "एवढ्यानं काही सिद्ध होत नाही हं. अहवाल वाचा." जिंकत आलेला डाव असा हातानं मोडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही!

पण साहेबांनी अहवाल वाचला. वर्षभरानं कारखान्यात पाणी शुद्ध करायची टाकी झाली. नदी सुधारायला वेळ लागणार होता, आणि मॅडमकडे तेवढा नव्हता. निवृत्तीनंतर थोड्याच महिन्यांत त्या गेल्या.

कॉलेजातल्या शोकसभेला मावशी एकटीच एसटीनं आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. प्राध्यापकांच्या मागच्या रांगेत बसली. प्राचार्यांनी वाकून विचारलं, "आपण मॅडमच्या कोण?"

मावशी उठून उभी राहिली. "आम्ही संगं काम केलंय," म्हणाली, आणि पदर सारखा करून खाली बसली.