वंदनाताईंची पक्की सनद

तालुक्याच्या कोर्टात वकिलाचा निम्मा दिवस पुकाऱ्याची वाट बघण्यात जातो. त्या रिकाम्या वेळात बार रूममध्ये किस्से साठत राहतात. पंचवीस वर्षांत माझ्याकडे पुष्कळ जमले, पण हल्ली कोणी समोर बसलं की मी वंदनाताईंचेच सांगतो.

*

वंदनाताई धामणगाव बढ्याच्या. नवऱ्याने घराबाहेर काढलं, म्हणून पोटगीसाठी माझ्याकडे आल्या. सहा वर्षं नुसत्या तारखा झाल्या. एकदा मी दुसऱ्या कोर्टात अडकलो आणि प्रकरण पुन्हा पुढे गेलं. बाहेर आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, तुमच्या जागी उभं राहाले काय काय शिकावं लागते?"

मी घुश्शातच यादी सांगितली. पदवी, सीईटी, तीन वर्षं एलएलबी, मग सनद, मग बारची परीक्षा. बाईंनी ती तारखेच्या चिठ्ठीमागे लिहून घेतली!

"बीए झालेलं आहे माहं," म्हणाल्या.

*

पोटगी सुरू झाली, त्यातूनच त्यांनी लॉ कॉलेजची फी भरली. सनद आली तेव्हा चाळिशी उलटली होती. वडिलांनी गावभर पेढे वाटले. मग त्यांना कळलं, ही सनद तात्पुरती. दोन वर्षांत अखिल भारतीय परीक्षा पास झाली नाही, तर कोर्टात उभं राहणं बंद.

वडील माझ्याकडे आले. "साहेब, पेढे वाटून बसलो न मी. आता काऊन परीक्षा?"

"काका, गाडीचं लायसन्सही आधी कच्चंच मिळतं."

"म्हणजे पोरगी अजून एल लावून हाये," म्हणाले आणि गेले.

*

ताई माझ्याच ज्युनिअर झाल्या. आमच्याकडे वकील उदंड, पक्षकार थोडे. सनद घेतलेली पोरं कोणी मेडिकलच्या काउंटरवर उभी राहतात, कोणी भरतीचा अभ्यास करतात. ज्युनिअरला पगार द्यायची रीत नाही. चहा मिळतो, आणि सीनियरसाठी तारखा मागायचं काम.

एक ज्येष्ठ वकील त्यांना म्हणाले, "ताई, या वयात कायले? तरण्या पोरायले काम नाही."

"साहेब, वाट पाहाची सवय मले याच कोर्टानं लावली."

तो टोला मला लागला, आणि लागायलाच हवा होता.

*

परीक्षेला कायद्याची कोरी पुस्तकं नेता येतात, आत काही लिहिलेलं चालत नाही. ताईंच्या पुस्तकांत समासभर टिपा. नियम त्यांनी वाचला तो नागपूरच्या बसमध्ये. पुढच्या स्टँडवर खोडरबर घेतलं आणि खोडत सुटल्या.

शेजारची बाई म्हणाली, "काऊन खोडून राह्यल्या ताई? चांगलं तं लिहेल हाये." मग तिनेही एक पुस्तक मांडीवर घेऊन खोडायला मदत केली.

पण शाईने टिपा लिहिलेलं एक पुस्तक परीक्षा केंद्राच्या दारातच काढून घेतलं. ताई नापास झाल्या. टिपा लिहायला मीच सांगितलं होतं. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

पुढच्या खेपेला पास झाल्या. मुदत संपायला चार महिने उरले होते. मी रडलो, सांगायला लाज कसली?

*

सनद पक्की झाली, पण पहिला आठवडा ताईंकडे कोणी फिरकलं नाही. मग एका दुपारी बार रूमच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. ताईंची सासू. ताईंना घराबाहेर काढलं, त्या दिवशी त्यांची कपड्यांची पिशवी हिनेच अंगणात आणून ठेवली होती.

"वंदना, पोरगं जेवाले देत नाही. मलेही काढलं त्यानं. माहं वकीलपत्र घेशीन का?"

मी उठलो. "आजी, इकडे या. मी करतो तुमचं काम."

ताईंनी मला हातानेच थांबवलं. खुर्ची पुढे ओढून म्हातारीला बसवलं, पाण्याचा ग्लास दिला. कोरं वकीलपत्र काढलं, चष्मा लावला आणि पेन उघडलं.

"सामनेवाल्याचं पूर्ण नाव सांगा, आत्याबाई."