पातळ तळाचे बूट

वर्कशॉपमध्ये त्या वेल्डरला सगळे भडका म्हणत, आणि ते काही त्याच्या कामामुळे नव्हे. राग कायम नाकावर. रॉड दमट निघाला की शिव्या, चहा गार झाला की शिव्या. घरी तो जिना चढू लागला की बायको टीव्हीचा आवाज कमी करी आणि मुलगी पुस्तकात डोकं घाली.

सगळ्यात मोठा राग होता बुटांवर. दिवसभर लोखंडी टोपणाचे जड सेफ्टी बूट घालून उभं राहायचं, आणि संध्याकाळी बोटं एकमेकांवर चढलेली, टाच ठणकतेय. मग कुणीतरी त्याला बेअरफूट शूज दाखवले. तळ पुठ्ठ्याएवढा पातळ, टाच सपाट, पुढे बोटांना ऐसपैस जागा. त्याने ते बेताबेताने घातले. आधी घरात, मग गल्लीत, वर्षभराने टेकडीवर. टाच दुखायची थांबली. इथवर झकास होतं. पण एखाद्याचं भलं झालं की तो दुसऱ्यांचं करायला निघतो, आणि तिथेच माती खातो.

आता जाड बूट दिसले की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. फिरायला निघालेल्या शेजाऱ्याला त्याने फाटकात अडवून झापलं. मेव्हण्याला भर जेवणात म्हणाला, "पायात गाद्या बांधून फिरता आणि वर गुडघे दुखतात म्हणून रडता." मेव्हणा त्यानंतर सणकला तो महिनाभर फिरकला नाही.

मुलगी कॉलेजात होती, धावण्यात बापापेक्षा सरस. दोघांनी डोंगरातल्या लांब शर्यतीत नाव दिलं, रोज पहाटे सोबत धावू लागले. एके दिवशी भडक्याने तिचे जुने बूट कचऱ्यात टाकले आणि नवे पातळ समोर ठेवले.

"उद्यापासून हेच."

स्वतः वर्ष घेतलं होतं, पोरीला एक रात्र दिली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते उगाच नाही.

आठवड्यात ती म्हणाली, "बाबा, पाऊल दुखतंय."

"दुखणारच. इतकी वर्षं झोपलेले स्नायू जागे होतायत. नाटकं नकोत."

ती पुन्हा बोलली नाही. त्याला वाटलं, बघा, सवय झाली.

शर्यतीत उतारावर ती दगडावर बसली आणि उठलीच नाही. डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरून पावलाच्या हाडाची चीर दाखवली. "हे एका दिवसाचं नाही. बरेच दिवस दुखत असणार. बूट बदलले होते का? सवय किती दिवस केली?"

भडका डॉक्टरवर उखडला, मग दवाखान्याच्या लिफ्टवर, मग रिक्षावाल्यावर. घरी पोचेपर्यंत ओरडायला कुणी उरलं नव्हतं. मुलगी प्लॅस्टर उशीवर ठेवून पडली होती. तिच्यावरच तो कडाडला.

"एवढं दुखत होतं तर तोंड शिवलं होतं का? मी काय राक्षस आहे? थांबलो असतो ना आपण!"

"म्हणूनच नाही बोलले," ती म्हणाली. "थांबलो असतो."

"म्हणजे?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. आई स्वयंपाकघरात होती.

"धावताना तुम्ही ओरडत नाही, बाबा. दिवसभरात तेवढाच एक तास."

भडका पलंगाच्या कडेला येऊन बसला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. आता बाबा काय करतील या धास्तीने मुलीने पांघरूण हळूच गळ्यापर्यंत ओढून घेतलं.