उभी वजनं, आडवी वजनं

ऑफिसातले किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चहा पिताना एक निघतो, त्याला धरून दुसरा येतो, आणि काही वर्षांनी लक्षात येतं की कामापेक्षा हेच जास्त आठवतंय. आमचं ऑफिस हिंगोलीत, एका औषधाच्या दुकानाच्या वर. माणसं तीनच: देशपांडे सर, कमलताई आणि मी. कमलताई गावोगाव फिरून तान्ह्या लेकरांची दर महिन्याला वजनं घेतात. मी ती आर नावाच्या प्रोग्रॅममध्ये घालून टेबलं करतो. सर त्यावर अभ्यास करतात.

*

टेबल दोन तऱ्हेचं. आडव्यात एका लेकराला एक ओळ आणि प्रत्येक महिन्याला एक कॉलम. उभ्यात प्रत्येक वजनाला वेगळी ओळ. वाचायला आडवं बरं, आलेख काढायला उभं लागतं. माझा निम्मा दिवस आडव्याचं उभं करण्यात जातो.

कमलताईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "तेच आकडे इकडून तिकडं करून राहिले व्हय दिवसभर?"

मी हो म्हणालो.

"करा. पण एकाचं दुसऱ्याला जाऊ देऊ नका."

*

ते एकदा गेलंच. मी रजेवर होतो, म्हणून सरांनी स्वतः आकड्यांची मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-कॉलमांचा तक्ता, बनवली. आम्ही आकडे लिहिलेले ओळीनं, आणि वेगळं सांगितलं नाही तर आर भरतो कॉलमनं, वरून खाली. सगळ्यांची वजनं सरकली. सेनगावकडच्या एका आईला निरोप गेला की लेकराचं वजन फार उतरलंय, ताबडतोब या.

बाई एसटीनं आली ती रडतच. कडेवर गुटगुटीत पोरगं.

"लेकरू तर बराबर पिऊन राहिलं. काहून बोलावलं?"

सरांनी टेबल पाहिलं आणि ते उभे राहिले. "चूक माझी आहे, बाई."

बाईनं पदरानं तोंड पुसलं. "खोटं निघालं, लई बरं झालं."

टेबल नीट ओळीनं भरलं, तर वजन खरंच उतरलेलं लेकरू दुसरंच निघालं, जवळा बाजारचं. कमलताई तशाच जीप करून गेल्या. त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, पण सुधारलं. तेव्हापासून सर मॅट्रिक्स भरली की पहिल्या लेकराचं नाव आणि सगळ्या महिन्यांची वजनं मोठ्यानं वाचतात. कमलताई 'व्हय' म्हणेपर्यंत पुढं जात नाहीत.

*

एकदा उभ्याचं आडवं करताना प्रोग्रॅमनं एकाच चौकोनात दोन वजनं कोंबली. गाव एकच, कनेरगाव नाका. आईचं नाव एकच, महिनाही एकच.

मी कमलताईंना विचारलं, "यातलं कोणतं ठेवू?"

"दोन्ही ठेवा. जुळी हायती ती."

आता प्रत्येक लेकराला स्वतःचा नंबर आहे.

*

आडव्याचं उभं करताना रिकामे चौकोन गाळता येतात. ऊसतोडीला गेलेल्या घरांच्या ओळीत असे चौकोन फार. दसरा झाला की माणसं जातात आणि परतेपर्यंत सगळं कोरं.

अशीच एक बाई होळीनंतर परतली आणि लेकराला घेऊन थेट ऑफिसात आली. कमलताईंनी त्याचं वजन केलं, मी टाइप केलं. बाई स्क्रीनकडं बघत होती.

"मधले घरं रिकामे काहून?"

"तुम्ही इथं नव्हता ना," मी म्हणालो.

"पण म्या तोललं की. ताई म्हणल्या व्हत्या, एक बी महिना चुकवू नको. तिकडं फडाजवळ किराण्याचं दुकान व्हतं. आधी रिकामं घमेलं तोललं, मंग लेकरू बसवून. दिवाळीला सहा किलो भरलं. मंग ताप आला, तवा तेवढंच राहिलं. संक्रांतीला पावणेसात..."

ती सांगत गेली. मी सरांकडं पाहिलं. आमच्या काट्याशिवाय दुसऱ्या काट्यावरचं वजन अभ्यासात चालत नाही, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं.

सर उठून माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"उभं टेबल उघड," ते म्हणाले. "रिकाम्या ओळी गाळू नकोस. आपल्या वजनांच्या शेजारी एक नवा कॉलम कर. यांचे आकडे त्यात भर."

मी कॉलम केला. "याला नाव काय देऊ, सर?"

सर बाईकडं वळले.

"बाई, तुमचं नाव काय?"