बाबांनी वाचलेलं माझं बोलणं

बाबांचा जुना फोन हातातून पडून कायमचा बंद झाला, म्हणून मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी मी त्यांना सॉल्ट लेकमधल्या एका दुकानात घेऊन गेले. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. गेली काही वर्षं त्यांना फारच कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र त्यांनी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा कपाटात ठेवून दिलं. "नुसती खरखर ऐकू येते," हे त्यांचं म्हणणं. त्यावर वाद घालायचा तर तोही ओरडूनच.

"काकू, बोशून," म्हणत दुकानातल्या तरुण मुलीने त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं. बंगालीत काकू म्हणजे काका, पण इतक्या वर्षांनीही मला क्षणभर वाटतं की हाक मलाच आहे.

तिने दिलेला फोन बाबांनी तळहातावर तोलून पाहिला. "हलका आहे. पण गुळगुळीत किती! निसटणार हा." कॅमेरा, रंग, बॅटरी, ती एकेक दाखवत होती आणि बाबा मान हलवत होते. त्यांना त्यातला शब्दही ऐकू जात नव्हता. मी तिला तसं सांगितलं. तिने पडद्यावर काहीतरी दाबलं आणि भाषांच्या यादीतून मराठी निवडून फोन माझ्यासमोर धरला. "बोला. तुम्ही बोलाल ते यावर लिहून येईल."

मी काय बोलणार? शेवटी म्हटलं, "चहा घेणार का?"

अक्षरं उमटली. बाबांनी चष्मा वर सरकवत वाचलं. "हे तर तुझ्या हातवाऱ्यांवरूनही कळतं मला. दुसरं काहीतरी बोल."

एके काळी बालीगंजच्या शाळेत शिकवून घरी आले की मी त्यांना दिवसभराचं सगळं सांगायचे. मग प्रत्येक वाक्य दोनदा, तीनदा सांगावं लागू लागलं आणि मी वाक्यंच कमी केली. जेवायला चला. गोळी घेतलीत का? कुणी विचारलं तर मी सांगायचे, बाबा हल्ली फार बोलत नाहीत. खरं म्हणजे बोलणं मी थांबवलं होतं.

मी फोन तोंडाजवळ धरला. "शाळेने मला मुख्याध्यापिका होणार का म्हणून विचारलं होतं. दिवाळीच्या आधी. मी नाही म्हटलं."

बाबांनी वाचलं. बहुधा पुन्हा एकदा वाचलं.

"का?"

"रोज घरी यायला उशीर झाला असता. तुम्ही एकटे असता."

"मला का नाही विचारलंस?"

"ओरडून विचारावं लागलं असतं, बाबा. कंटाळा आला होता."

शेवटचे तीन शब्द मला पुसून टाकायचे होते, पण तोवर ते पडद्यावर आले होते. बाबा कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "चुकलंच तुझं!" दुकानातली माणसं वळून बघायला लागली. त्या मुलीला शब्द कळले नसावेत. ती उगीच एक रिकामं खोकं नीट लावत बसली.

"जागा अजून रिकामी आहे?" त्यांनी जरा हळू विचारलं.

"नाही. दुसऱ्या बाईंना दिली."

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाच घेऊ."

घरी पोचल्यावर त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. मला वाटलं, आता पुन्हा तोच विषय निघणार. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती.

"या नव्या बाई कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"शिस्तीच्या आहेत. पण मुलींना आवडतात."

फोनने 'मुलींना'च्या जागी 'मुळीच ना' लिहिलं. बाबांनी ते वाचलं आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, आणि या वेळी मला त्याचा कंटाळा आला नाही.