डबीवाल्या सरांविरुद्धचा अर्ज

टीवाय बीएस्सीला क्वांटम मेकॅनिक्स शिकवणारे आमचे सर पहिल्या तासाला पुस्तक नव्हे, तंबाखूची रिकामी डबी घेऊन आले. आत हरभऱ्याचा एक दाणा. डबी खुळखुळवून त्यांनी विचारलं, “दाणा कुठे आहे?” कुणी म्हणालं डावीकडे, कुणी उजवीकडे. सर हसले. “उदाहरण चुकीचं आहे. इलेक्ट्रॉन असा खुळखुळत नाही. पण कुठून तरी सुरुवात करायला पाहिजे ना!” त्या दिवसापासून ते डबीवाले सर झाले.

सर नवापूरकडच्या डोंगरातले, घरी मावची बोलणारे. आम्ही नंदुरबारच्या आसपासचे, अहिराणीवाले. पुस्तक इंग्रजीत. सरांनी सरळ आमच्याकडूनच अहिराणी शिकून घेतली. तरंगफलन म्हणजे नेमकं काय, हे आमच्या डोक्यात शिरेना, तेव्हा म्हणायचे, “घाबरू नका. माले बी तीन वरीस समजनं नही.” हे वाक्य आम्हाला फार आवडायचं. पुढे तेच आम्ही त्यांच्यावर उलटवलं.

सरांची एक खोड होती. गणित ऐन रंगात आलं की मध्येच थांबायचे, कपाळ फळ्याला टेकवायचे आणि पाच-पाच मिनिटं तसेच उभे राहायचे. सुरुवातीला वाटलं, विचार करताहेत. मग कुजबुज सुरू झाली, यांना पुढचं येतच नाही. परीक्षा जवळ आलेली, अभ्यासक्रम अर्धाच झालेला. वर्गाने प्राचार्यांकडे अर्ज द्यायचं ठरवलं. अर्ज शुद्ध मराठीत हवा, आणि वर्गात शुद्ध मराठी माझंच. कोरीटच्या शाळेत निबंधाची बक्षिसं घेतलेली मी. अंगावर मूठभर मांस चढलं. ‘सदर प्राध्यापकांना विषयाचे पुरेसे आकलन नसल्याचे ते स्वतःच मान्य करतात,’ असं ठसठशीत वाक्य लिहिलं आणि दोनदा मोठ्याने वाचूनही दाखवलं. सर तासिका तत्त्वावरचे. त्यांना घालवायला एक अर्ज पुरला. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

महिन्याभराने माझी मावशी चिंचपाड्याच्या दवाखान्यात होती. तिचा डबा घेऊन गेले, तर शेजारच्या वॉर्डात सर. हाताला रक्ताची पिशवी लावलेली. उशाशी त्यांची आई बसली होती, तिने सांगितलं. सिकलसेलचा आजार, लहानपणापासूनचा. दुखणं उठलं की किंकाळी फुटेल असं व्हायचं. पोरांसमोर नको म्हणून ते फळ्याकडे तोंड करायचे.

मी डबा खाली ठेवला. “सर, तो अर्ज मी लिहिला होता.”

“माहीत शे. अक्षर तुन्हं व्हतं.”

“तुम्ही सांगितलं का नाही सर?”

“सांगितलं असतं तर तास कुणी दिले असते?”

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी विचारलं, “हायड्रोजनचा अणू कुणी शिकवला?”

“कुणीच नाही.”

“मग बठ माय.”

मी रोज मावशीचा डबा घेऊन जायचे. तीन दुपारी त्यांनी झोपल्या झोपल्या सांगितलं आणि मी लिहून घेतलं. कळ आली की डोळे मिटायचे, मी थांबायचे, मग ते जिथे सोडलं होतं तिथूनच पुढचं पद सांगायचे. एकदाही मागचं विचारलं नाही. या माणसाला आकलन नाही, असं मी लिहिलं होतं.

पेपरच्या आठ दिवस आधी सर गेले. मी वही सगळ्या वर्गाला वाचायला दिली. पेपरात हायड्रोजनचा प्रश्न आला, आणि माझी लेखणी कुठेही अडली नाही. सगळ्या पायऱ्या बरोबर आल्या. तो अर्ज लिहिणाऱ्या हाताला त्या यायला नको होत्या, असं तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.